मंगळागौरीची पत्री, काचेत

भाचीची पहिली मंगळागौर साताऱ्याला ताईकडे झाली. २०२२ चा श्रावण, दुसरा मंगळवार, ९ ऑगस्ट. पुढच्या जानेवारीत ती नवऱ्याबरोबर जर्मनीला जाणार हे ठरलेलं होतं, त्यामुळे पाचांतली ही एकच मंगळागौर घरच्या माणसांत होणार याची सगळ्यांना कल्पना होती. सकाळी आम्ही ओसरीवर पत्री निवडत बसलो होतो. आघाडा, बेल, दुर्वा, तुळस, शमी, डाळिंब, मरवा, विष्णुक्रांत... सोळा प्रकार पुरे करायचे म्हणून ताईची शेजारीण पहाटेच माळावर जाऊन आली होती. भाची एकेक पान उचलून नाव विचारत होती. मध्येच म्हणाली, "मावशी, यातलं काही बरोबर नेता येईल का गं?"

मी "येईल की" म्हणून टाकलं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं माझं. वनस्पती दाबून, वाळवून हर्बेरियम शीट करणं तीन वर्षं केलेलं काम. दोन काचांमध्ये वाळलेली फुलं बसवून कडेनं तांब्याची पट्टी आणि कथलाची किनार केलेली तोरणं, चौकटी मी कुठेकुठे पाहिल्या होत्या आणि एकदा करून बघायची इच्छा फार दिवसांपासून होती. तेव्हा वाटलं, पंधरा दिवसांचं काम आहे. पाच महिने लागले.

आईनं तेवढ्यात बजावलं, "वाहिलेलं घेऊ नकोस हं. निर्माल्य विसर्जन करायचं असतं. हवं ते पूजेआधीच परडीतून बाजूला काढ." तसंच केलं. प्रत्येक पत्रीच्या तीन-चार डहाळ्या, गोकर्णाची दहा फुलं, दोन झेंडू आणि परसातल्या प्राजक्ताची अकरा फुलं. प्राजक्त त्या आठवड्यात नुकता फुलायला लागला होता. पूजेला लागली ती जाऊन अकरा मला मिळाली. हा आकडा लक्षात राहायचं कारण पुढे येईल.

कॉलेजातला प्रेस माळ्यावर होता. लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये कागदांची चळत आणि वरून आवळायला दोन पट्टे. कागद रोजच्या वर्तमानपत्राचा घ्यायचा, खरबरीत. पुरवण्यांचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. फुलाला लागून टिपकागद, त्याच्या दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राच्या घड्या. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलायचे, कारण निम्म्याहून जास्त पाणी तेव्हाच बाहेर येतं. ओले कागद तसेच राहिले की फूल स्वतःच्याच पाण्यात कुजतं. पावसाळ्यात नवे कागदही दमट असतात, म्हणून मी ते इस्त्री फिरवून गरम करून घालत होते.

आता प्रत्येकाचं काय झालं ते सांगते, कारण मला यातच सगळ्यात जास्त गोडी वाटली.

दुर्वा उत्तम वाळल्या, हिरव्याच्या हिरव्या. डाळिंबाचं पान पातळ, तेही छान. बेलाचं त्रिदळ चिवट असतं, त्याला आठवडा जास्त लागला, पण आकार असा राहिला की शीर अन् शीर मोजावी. तुळशीची पानं मात्र दोन दिवसांत काळी पडली, मंजिरी तेवढी टिकली. शमीची बारीक पानं वाळता वाळता देठावरून गळून गेली, हातात नुसती काडी आली. आघाड्याचा तुरा वाळतो चांगला, पण जाड असतो. दोन काचांमध्ये ठेवला की काचा एकमेकींना टेकतच नाहीत. म्हणून तुरा उभा चिरून अर्धाच घेतला. जास्वंद मी हौसेनं दाबली होती. तिच्यात चिकट द्रव इतका की पाकळ्या टिपकागदाला कायमच्या चिकटल्या आणि लाल रंग जांभळट काळा झाला. झेंडूचं अख्खं फूल दाबायला जाऊ नये, पाकळ्या सुट्या करून वाळवाव्यात. तो पिवळा रंग लवकर जात नाही. गोकर्ण वाळल्यावरही निळाशार राहिला होता, निदान तेव्हा तरी. आणि विष्णुक्रांताचं फूल एवढंसं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. ते उमललेलं असतानाच दाबावं लागतं, मिटलं की उघडत नाही. मी दाबली तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन नव्हतं, म्हणून सहातली चारच उघडी मिळाली.

प्राजक्ताबद्दल थोडं सविस्तर. सहा फुलं मी प्रेसमध्ये ठेवली आणि पाच फुलं त्याच दुपारी, पूजा झाल्यावर, दोन टिपकागदांत धरून कोमट इस्त्रीनं वाळवली. इस्त्री घासायची नाही, नुसती टेकवायची, दहा-बारा सेकंद, मग उचलायची, कागद गार होऊ द्यायचा, पुन्हा टेकवायची. प्रेसमधल्या सहाच्या सहा फुलांच्या पाकळ्या चौथ्या दिवशी चहा सांडल्यासारख्या तपकिरी झाल्या. इस्त्रीची पाच मलईच्या रंगाची राहिली. कारण वांगं चिरणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. पेशी दुखावल्या की आतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून आणतात आणि काप काळे पडतात, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. फुलात हेच होतं, आणि पाकळी जितका वेळ ओली राहील तितका वेळ होत राहतं. पांढऱ्या फुलावर ते लपत नाही. झटपट वाळवलं तर विकरांना वेळच मिळत नाही. देठाला मात्र या कशाचाच फरक पडला नाही. अकराही फुलांचे देठ केशरी ते केशरीच.

प्राजक्त दाबताना त्याला तोंडावर पाडू नये. कुशीवर ठेवावा, देठ एका बाजूला सरळ करून. मग वाळल्यावर पाकळ्यांचा तो वळलेला भिरभिऱ्यासारखा आकार आणि खालचा देठ असं दोन्ही दिसतं.

गणपती झाल्यावर, सप्टेंबरात मी काचेकडे वळले. आमच्या पेठेत फोटोफ्रेमचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या काकांकडून २ मिलिमीटरची साधी काच आणली आणि कापायलाही त्यांच्याकडेच शिकले. काच कापायचा हिरा काटकोनात धरायचा, पट्टी दाबून ठेवायची आणि एका दमात, एकाच दाबानं वरपासून खालपर्यंत ओढायचा. खर्र असा सलग आवाज आला पाहिजे. मध्ये आवाज तुटला तर रेघ तुटली. "ताई, त्याच रेघेवर परत फिरवायचा नाही, हिरा जातो आणि काचही," हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून खाली मोडायची. सहा बाय आठ इंचाच्या दोन काचा जमेपर्यंत पाच वाया गेल्या. कडा ओल्या वॉटर पेपरवर घासून बोथट केल्या. कोरड्या घासू नयेत, काचेची धूळ नाकात जाते.

काच पुसायला साबण नको, स्पिरिट आणि सुती फडकं. एरवी न दिसणारा बोटाचा ठसा दोन काचा बंद झाल्यावर उन्हात धरला की ढळढळीत दिसतो, आणि मग काही करता येत नाही.

मांडणी करताना मी पहिली चूक केली. पानं हलू नयेत म्हणून पांढऱ्या गोंदाचे ठिपके लावले. त्या गोंदात पाणी असतं, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. शिवाय प्रेसमधून काढलेली पत्री हाताला कोरडी लागत होती, तेवढ्यावर मी समाधान मानलं. कडेला घरातली साधी टेप लावून चौकट टांगून पाहिली. फार सुंदर दिसत होती. सोल्डरिंगची तयारी होईपर्यंत तशीच राहू दे म्हणून खिडकीत ठेवली. दसऱ्याच्या आधी एका सकाळी बघते तर आतून काचेवर वाफ धरलेली आणि बेलाच्या देठापाशी पांढरी लव. तीन दिवसांत ती लव दोन प्राजक्तांवरही गेली. उघडून सगळं टाकून द्यावं लागलं. इस्त्रीच्या पाचातले आता तीन उरले.

मला खूप वाईट वाटलं. भाचीला सांगितलंही नाही. आई त्या दिवशी माझ्याकडेच होती. ती म्हणाली, "अगं, पापड-कुरडया तू हाताला कोरड्या लागल्या म्हणून डब्यात भरतेस का? कडकडीत ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्या की मग भरतेस ना?" इतकं साधं. मी काचेचा, किनारीचा विचार करत राहिले आणि हे मुळात वाळवणाचं काम आहे हेच विसरले. काच फूल टिकवत नाही. वाळवणं टिकवतं, काच नुसती ते राखते. ओलं आत गेलं तर काच ओलही तितक्याच इमानानं राखते.

मग मी सिलिका जेलचे खडे आणले, रंग बदलणारे. कोरडे असताना केशरी, ओल शोषली की हिरवे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तळाशी खडे, वर जाळी आणि जाळीवर टिपकागदात पत्री. पहिल्याच रात्रीत खडे हिरवे झाले. जी पत्री मी दीड महिना वाळलेली समजत होते तिच्यात एवढी ओल होती! खडे जुन्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा केशरी होतात. (ती कढई नंतर स्वयंपाकात घ्यायची नाही.) असं तीनदा केलं. चौथ्यांदा तीन दिवस खडे केशरीच राहिले, तेव्हा मानलं की वाळलं. वाळलं हे ओळखायची आणखी एक खूण मला तेव्हा कळली. पान कागदावर टाकलं की त्याचा आवाज येतो.

दिवाळीनंतर दुसरी चौकट घेतली. यावेळी गोंद अजिबात नाही. खालच्या काचेवर चिमट्यानं मांडलं आणि वरची काच एका बाजूनं हळू टेकवत आणली. दोन काचांचा दाबच पुरतो. मग ६ मिलिमीटरची तांब्याची चिकट पट्टी. दोन काचांची जाडी ४, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर दुमडायला मिळते. पट्टी अगदी मधोमध लागली नाही तर पुढची कड जाड आणि मागची बारीक अशी ओबडधोबड दिसते. लावून झाली की पेनाच्या टोपणानं दाबून घासायची, एकही सुरकुती ठेवायची नाही. सुरकुतीखालून फ्लक्स, म्हणजे कथील धरावं म्हणून तांब्यावर आधी लावतात ते रसायन, आत झिरपतं आणि काचांच्या मध्ये डाग पसरतो.

सोल्डरिंग मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे दोन संध्याकाळी बसून शिकले. ते सोल्डरिंग म्हणत नाहीत, डाग देणं म्हणतात. मला लहानपणचा कल्हईवाला आठवला. तोही तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, भपकन पांढरा धूर यायचा, आणि कथील कापसाच्या बोळ्यानं असं फिरायचं की काळवंडलेलं पातेलं चांदीसारखं व्हायचं. काम तेच. नवसागराच्या जागी फ्लक्स, आणि कथलाबरोबर शिसं. आपली नेहमीची सोल्डरची तार ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं अशी असते. म्हणून स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये, खिडकी उघडी असावी आणि झाल्यावर साबणानं हात धुवावेत. शिशाशिवायचं सोल्डरही मिळतं, त्याला ताप जास्त लागतो. काकांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय : "कथील लावायचं नसतं ताई, तांबं तापवायचं. तापलं की कथील आपणहून धावतं."

दुसऱ्या चौकटीच्या तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूच्या कोपऱ्यात कथील नीट बसेना म्हणून मी सोल्डरिंगची तापलेली गन इस्त्रीसारखी तिथेच धरून ठेवली. टिक् असा बारीक आवाज आला. कोपऱ्यातून निघालेली चीर बेलाच्या पानावरून पार दुसऱ्या कडेपर्यंत गेली.

काकांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कशावर ठेवून केलंत?" गच्चीतल्या कडप्प्यावर. वरून गन तापवतेय आणि खालून गार दगड उष्णता ओढतोय, मग काच तडकणारच. लाकडी फळीवर ठेवा, एका जागी दोन सेकंदांपेक्षा थांबू नका, एक कोपरा झाला की समोरचा घ्या, पहिल्याला निवू द्या. ही चौकट उघडताना एक प्राजक्त काचेला चिकटून फाटला. राहिले दोन.

तेव्हा परसातल्या झाडाखाली अजूनही सडा पडत होता. ताई म्हणाली, "अगं, घे ना यातली हवी तेवढी, कुणाला कळणार आहे?" तिचं बरोबर होतं, वाळल्यावर ऑगस्टचा प्राजक्त आणि नोव्हेंबरचा प्राजक्त यांत काही फरक दिसत नाही. पण भाचीनं त्या सकाळचं मागितलं होतं. मी दोनच घातले. एका मैत्रिणीनं सुचवलं होतं की कासची फुलं घाल, सातारची ओळख म्हणून. कास इथून २५ किलोमीटरवर आहे आणि तिथलं फूल तोडायला बंदी आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्या पठारालाही जागतिक वारशाचा मान मिळाला, पण बंदी नसती तरी तिथलं फूल तोडू नये असंच मी म्हणेन. तिथल्या कितीतरी वनस्पती कातळावरच्या बोटभर मातीत, पावसाच्या दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात. तोडलेलं फूल म्हणजे पुढच्या वर्षीचं बी गेलं. ज्यांना हे शिकायचंय त्यांनी रस्त्याच्या कडेचा तो केशरी-पिवळा कॉसमॉस घ्यावा. पोतंभर तोडला तरी कुणाचं नुकसान नाही, पातळ असतो, आठवड्यात वाळतो आणि रंग धरतो. माझा सगळा सराव मी त्याच्यावरच केला.

तिसरी चौकट डिसेंबरात झाली. थंडीत सातारची हवा इतकी कोरडी होते की डब्यातल्या खड्यांना रंग बदलायचं कामच उरलं नाही. दुपारी बारा ते तीन, लाकडी फळी, खिडकी उघडी. डावीकडे बेलाचं त्रिदळ, त्याच्या मागून दुर्वांची जुडी वर गेलेली, मध्ये अर्धा चिरलेला आघाड्याचा तुरा, डाळिंबाची तीन पानं, गोकर्णाची दोन फुलं, झेंडूच्या पाकळ्या खाली विखुरलेल्या, उजव्या कोपऱ्यात प्राजक्ताची दोन फुलं कुशीवर, आणि बेलाच्या देठाला टेकून विष्णुक्रांत. कथील या वेळी खरंच धावलं. चारी कडा सलग, कुठे गाठ नाही. वर तांब्याच्या तारेच्या दोन कड्या जोडल्या. ओल्या फडक्यानं फ्लक्स पुसून काढलं, पाण्याखाली धरली नाही.

एक गोष्ट मी कॉलेजच्या सवयीनं केली. तिसऱ्या वर्षाला आम्हाला मुंबईला झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम पाहायला नेलं होतं. १९०६ पासून सुरू झालेला संग्रह आहे तो. तिथल्या जुन्या शीट्सवरची फुलं पार तपकिरी झालेली होती, कुठलं लाल आणि कुठलं निळं होतं ते सांगता येत नव्हतं. पण प्रत्येक शीटच्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी होती. वनस्पतीचं नाव, जागा, तारीख, कुणी गोळा केलं. सरांनी तेव्हा सांगितलं होतं की चिठ्ठीशिवायची शीट म्हणजे नुसतं गवत. म्हणून मी नखाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं : मंगळागौर, सातारा, ९ ऑगस्ट २०२२. शाई पसरते, पेन्सिल राहते. ती चिठ्ठीही सिलिकाच्या डब्यात दोन दिवस ठेवून मग काचेत घातली.

भाचीनं ती चौकट तिच्या मंगळागौरीच्याच साडीच्या घडीत गुंडाळून हातातल्या बॅगेतून नेली. खिडकीत थेट उन्हात टांगू नकोस, वाळवलेलं टिकतं पण रंग उन्हापुढे टिकत नाही, असं मी दोनदा सांगितलं. तरी पहिलं वर्षभर ती खिडकीतच होती. तिथे ऊनच इतकं कमी असतं, म्हणाली, की जे येईल ते त्या काचेतून यावंसं वाटतं. यावर मी काय बोलणार?

गेल्या महिन्यात तिनं व्हिडिओ कॉलवर चौकट कॅमेऱ्यासमोर धरली. शेजारच्या बाई प्रत्येक पानाचं नाव विचारत होत्या आणि तिला सगळी आठवत नव्हती. मी एकेक सांगत गेले. बेल तिला माहीत होता. दुर्वा आता वाळक्या गवताच्या रंगाच्या झाल्यात, झेंडू अजून पिवळा आहे, गोकर्णाची कड राखाडी झालीय. बुरशीचा ठिपकासुद्धा नाही. प्राजक्ताचे दोन्ही देठ केशरी दिसत होते.

"आणि मावशी, बेलाच्या खाली हे बारीक, करड्या रंगाचं कोणतं?"

"विष्णुक्रांत," मी म्हटलं. "निळं होतं ते."